इंजिन बदललं, आता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जुना टाकायचा की नवा?

इथे मिशिगनला बर्फ वितळला की गॅरेजची दारं उघडतात आणि चार-पाच महिने झाकून ठेवलेल्या जुन्या गाड्या बाहेर निघतात. आमच्या ओळखीतल्या मराठी मंडळींपैकी आता तिघा-चौघांना हा नाद लागलाय, आणि दरवर्षी मे महिन्यात मला तोच प्रश्न येतो, की दादा, इंजिन तर मिळालं, पण गिअरबॉक्स कुठला घेऊ, जुना तीन गिअरवाला की नवा सहावाला? एकेकाला फोनवर सांगून झालंय, म्हणून यावेळी सगळं बैजवार लिहितोय. गाड्यांचं फारसं माहीत नसलं तरी समजेल असं लिहायचा प्रयत्न आहे.

आधी हे स्वॅप प्रकरण काय आहे

जनरल मोटर्सने १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये एलएस१ नावाचं नवीन व्ही-८ इंजिन आणलं, आणि १९९९ पासून त्याच घराण्यातली ४.८, ५.३, ६.० लिटरची इंजिनं त्यांच्या पिकअपमध्ये यायला लागली. या सगळ्या घराण्यालाच एलएस म्हणतात. ही इंजिनं दणकट आणि आटोपशीर आहेत, आणि पिकअप इतक्या खपल्या की अपघातात गेलेल्या गाड्यांमधून ही इंजिनं भंगार यार्डात सहज मिळतात. मग लोक काय करतात, की ६०-७० च्या दशकातली जुनी शेव्हर्ले घेतात, तिचं दमलेलं कार्ब्युरेटरवालं इंजिन काढतात आणि हे बसवतात. त्यालाच इंजिन स्वॅप म्हणतात. माझ्याकडे १९७१ ची सी-१० पिकअप आहे आणि तिच्यात २००२ च्या सिल्व्हराडोचं, म्हणजे शेव्हर्लेच्याच नव्या पिकअपचं, ५.३ लिटर इंजिन आहे, त्यामुळे जे लिहितोय ते बरंचसं हात काळे करून शिकलेलं आहे.

इंजिनाबद्दल सगळे तासन्‌तास बोलतात. गिअरबॉक्सचं मात्र "बघू नंतर" असं होतं आणि खरा खर्च आणि खरा मनस्ताप तिथेच होतो.

ऑटोमॅटिकच्या पोटात काय असतं

गिअर का लागतात ते सायकलवाल्याला सांगावं लागत नाही. कात्रजचा घाट चढताना हलका गिअर, पाय भरभर फिरतात पण चाक हळू, आणि सपाटीवर जड गिअर, पाय सावकाश आणि चाक जोरात. इंजिनाचंही तसंच.

ऑटोमॅटिकमध्ये पायाने दाबायचा क्लच नसतो, त्याच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा, एक चालू करा, त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो, तसंच, फक्त हवेऐवजी बंद डब्यात तेल. शिवाय त्या दोघांच्या मध्ये एक तिसरं चक्र असतं, ते परत येणारं तेल अशा कोनात वळवतं की गाडी उभी असताना सुटायला जोर जास्त, साधारण दुप्पट, मिळतो. त्याच्या मागे दातेरी चक्रांचे संच असतात, मधोमध एक सूर्य, भोवती ग्रह, बाहेर एक कडं. यातलं कुठलं चक्र धरून ठेवायचं आणि कुठलं सोडायचं, त्यावर गिअर ठरतो, आणि धरून ठेवायचं काम क्लचच्या चकत्या आणि पट्टे तेलाच्या दाबाने करतात.

हे मूळ तत्त्व १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये पहिला हायड्रामॅटिक आला तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. बदललंय ते एवढंच, की आता गिअर बदल, हे सांगतो कोण. जुना की नवा या वादाची सगळी मेख इथे आहे.

जुना गिअरबॉक्स तेलाच्या दाबाने विचार करतो

१९६४ चा टीएच४००, १९६९ चा टीएच३५०, हे तीन गिअरवाले. १९८२ ला आलेला ७००आर४ हा चार गिअरवाला. यांच्यात कॉम्प्युटर नाही.

मग गाडीचा वेग यांना कळतो कसा? जत्रेतला खुर्च्यांचा पाळणा आठवा, जितका जोरात फिरेल तितक्या खुर्च्या बाहेर फेकल्या जातात. गिअरबॉक्समध्ये तशीच छोटी वजनं फिरत असतात, त्याला गव्हर्नर म्हणतात, गाडीचा वेग वाढला की वजनं बाहेर जातात आणि एका नळीतला तेलाचा दाब वाढतो. दुसऱ्या बाजूने, तुम्ही अॅक्सिलरेटर किती दाबलाय त्याचा दाब येतो. मध्ये स्प्रिंगवर बसलेला एक झडपेचा दांडा असतो. वेगाकडचा दाब जिंकला की दांडा सरकतो आणि वरचा गिअर पडतो. अगदी प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं आहे, शिट्टीला कुणी सांगत नाही की आता वाज, आतली वाफ वजनापेक्षा वरचढ झाली की ती आपोआप उचलली जाते. मला हे डिझाइन अजूनही थक्क करतं, विजेचा एक थेंब न वापरता नुसत्या तेल, स्प्रिंग आणि वजनावर एवढा निर्णय घेणारं यंत्र लोकांनी साठ वर्षांपूर्वी बनवलं.

आता अॅक्सिलरेटर किती दाबलाय हे या गिअरबॉक्सला कसं कळतं, तिथे नीट लक्ष द्या. टीएच३५० आणि टीएच४०० इंजिनातल्या व्हॅक्युमची, म्हणजे हवेच्या ओढीची, एक नळी घेतात, ती नळी नव्या इंजिनालाही जोडता येते, फार कटकट नाही. ७००आर४ मात्र एका केबलवर चालतो, टीव्ही केबल म्हणतात तिला, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल, दूरदर्शनशी संबंध नाही. ही केबल थ्रॉटलला, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेला, जोडलेली असते आणि नुसतं गिअर कधी बदलायचा हेच नाही, तर आतल्या चकत्या किती घट्ट दाबायच्या हेही तीच ठरवते. केबल सैल राहिली की गिअरबॉक्सला वाटतं चालक अगदी हळुवार चालवतोय, मग तो दाब कमी ठेवतो, आणि इकडे इंजिन पूर्ण जोर लावत असतं. भरलेला हंडा दोन बोटांनी धरल्यासारखं होतं. चकत्या घसरतात, तापतात, जळतात.

हे मी अनुभवलंय. माझ्या पिकअपमध्ये आधी ७००आर४ च बसवला होता, कारण एका मित्राकडे नव्याने बांधलेला पडून होता आणि स्वस्तात मिळाला. पण एलएसच्या थ्रॉटलची भूमिती जुन्या कार्ब्युरेटरपेक्षा वेगळी असते, पेडल तेवढंच दाबलं तरी केबल तेवढी ओढली जात नाही, ती दुरुस्त करणारा ब्रॅकेट मिळतो पण तो मी लावला नव्हता. शंभर मैलांच्या आत तिसरा गिअर गेला. गिअरबॉक्सच्या खालचा तेलाचा पॅन उघडला तर तेल काळं, जळका वास. गिअरबॉक्स चांगला होता, त्याला चुकीची बातमी मिळत होती.

आणि २००३ नंतरची बरीच पिकअप इंजिनं तर केबलवाली नाहीतच, पेडल ते थ्रॉटल सगळं विजेवर. तिथे टीव्ही केबल जोडायची तरी कशाला?

मधली पिढी: अवयव जुने, मेंदू नवा

१९९१ ला ४एल८०ई आला आणि १९९३ पासून ४एल६०ई. नावं बघून घाबरायचं नाही, ४ म्हणजे चार गिअर, एल म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसणारा, ६० किंवा ८० हा ताकदीचा दर्जा, आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक. ४एल६०ई हा आतून बराचसा ७००आर४ च आहे आणि ४एल८०ई हा टीएच४०० चा मुलगा, त्याच घराण्यातला, वरून चौथा गिअर लावलेला. फक्त फिरती वजनं आणि केबल काढून टाकली आणि त्या जागी सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपा बसवल्या. त्या झडपांना हुकूम देतो इंजिनाचाच कॉम्प्युटर, ज्याला थ्रॉटल किती उघडलंय, वेग किती, तेल किती तापलंय हे सगळं आधीच माहीत असतं.

याचा फायदा लक्षात घ्या, २००२ च्या सिल्व्हराडोत इंजिन आणि ४एल६०ई एकाच कॉम्प्युटरवर चालत होते. ते त्रिकूट तसंच उचलून माझ्या १९७१ च्या गाडीत ठेवलं, तर त्या दोघांना कळतही नाही की आपण गाडी बदलली. ७००आर४ जळाल्यावर मी हेच केलं.

सहा गिअरवाला: मेंदू पोटातच

२००६ च्या मॉडेलपासून ६एल८० आला. त्यात दोन मोठे फरक आहेत.

पहिला म्हणजे गिअर बदलण्याची पद्धत. जुन्या डब्यांमध्ये, म्हणजे गिअरबॉक्समध्ये, काही ठिकाणी एकदिशा फिरणारे क्लच असतात, ते वेळ आली की आपोआप सुटतात, त्यामुळे टायमिंग थोडं मागेपुढे झालं तरी चालतं. ६एल८० मध्ये बहुतेक वेळा एक क्लच सुटताना त्याच क्षणी दुसरा पकडायचा असतो. खो-खोसारखं. खो मिळायच्या आधी उठलात तर फाऊल, उशिरा उठलात तर गडी निसटला. दोन्ही क्लच एकदम धरले तर गाडी आचका देते, दोन्ही सुटले तर इंजिन मोकळं गरगरतं. एवढं अचूक काम स्प्रिंग आणि वजनं करू शकत नाहीत, तिथे कॉम्प्युटरच लागतो.

दुसरा फरक असा, की हा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या आत, तेलाच्या पॅनमध्येच बसवलेला आहे. तो इंजिनाच्या कॉम्प्युटरशी दोन तारांच्या जाळ्यावरून सतत बोलत असतो, त्याला कॅन बस म्हणतात. इंजिन सांगतं मी आत्ता इतका टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतोय, गिअरबॉक्स सांगतो मी गिअर बदलतोय, क्षणभर जोर कमी कर, इंजिन कमी करतं, गिअर बदलतो, परत जोर. हे संभाषण चालू असेल तर ६एल८० इतका मऊ चालतो की विचारू नका. पण माझ्या २००२ च्या कॉम्प्युटरला ही भाषाच येत नाही. म्हणजे ६एल८० हवा असेल तर इंजिनही त्याच पिढीचं, कॉम्प्युटरही त्याच पिढीचा आणि पेडलसुद्धा विजेवरचं.

२०१० ची कॅमॅरो एसएस ऑटोमॅटिक, त्यात ६.२ लिटर इंजिन आणि ६एल८० एकत्र येतात, अशी पूर्ण जोडी मिळाली तर नक्की विचार करा. नुसता डबा स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका, दुसऱ्या गाडीतल्या डब्याच्या पोटातला कॉम्प्युटर परत प्रोग्राम करावा लागतो, ते वेगळंच. आठ आणि दहा गिअरवाले याच वाटेने आणखी पुढे गेलेत, दहावाला तर जनरल मोटर्स आणि फोर्डने मिळून बनवला आणि २०१७ पासून गाड्यांत आला, पण घरगुती स्वॅपसाठी मी तरी अजून त्या वाटेला जा म्हणणार नाही.

गिअर जास्त म्हणजे नक्की फायदा काय, आकड्यांत

२८ इंच उंचीचं टायर आणि मागच्या अॅक्सलमध्ये ३.७३ चं गुणोत्तर (शाफ्ट ३.७३ वेळा फिरला की चाक एकदा) धरा, हायवेवर ७० मैल वेग. टीएच३५० चा शेवटचा गिअर १.०० गुणोत्तराचा आहे, म्हणजे इंजिन मिनिटाला साधारण ३१३० फेरे मारतंय. तासभर असं चालवून बघा, कान बधिर होतात, पेट्रोल जातं ते वेगळंच. ७००आर४ किंवा ४एल६०ई चा चौथा ०.७० आहे, तिथे हेच फेरे २१९० वर येतात. ६एल८० चा सहावा ०.६७, म्हणजे २१००. बघा म्हणजे, मोठी उडी तीनवरून चारला आहे. चारवरून सहाला हायवेवर जवळपास काहीच फरक नाही.

मग सहाचा फायदा कुठे? खाली. टीएच३५० चा पहिला गिअर २.५२, ४एल६०ई चा ३.०६ आणि ६एल८० चा ४.०३. सिग्नलवरून निघताना ६एल८० वाली गाडी अंगावर येते. शिवाय ४एल६०ई मध्ये पहिल्यावरून दुसऱ्याला जाताना मोठी दरी आहे, ३.०६ वरून एकदम १.६३, म्हणजे ५५०० फेऱ्यांना गिअर बदलला तर इंजिन २९०० च्या आसपास येऊन पडतं आणि परत दम गोळा करावा लागतो. ६एल८० मध्ये ते ३२०० ला आणि पुढच्या बदलाला ३५०० च्या वर राहतं. हलक्या, जोरदार गाडीला हे जाणवतं. माझ्यासारख्या जड पिकअपमध्ये रविवारी फिरायला जाणाऱ्याला फार नाही.

"पण जुन्यात बिघडायला कमी असतं ना?"

हो, आणि हे मी मनापासून मान्य करतो. टीएच४०० हा माझ्या मते आजवरच्या सगळ्यात भरवशाच्या डब्यांपैकी एक. वायरिंगचं जंजाळ नाही, सेन्सर नाही, भाग सगळीकडे मिळतात, जुना मेकॅनिक डोळे झाकून उघडतो. कार्ब्युरेटर ठेवायचा असेल किंवा गाडी फक्त ड्रॅग स्ट्रिपवर पाव मैल पळवायची असेल, तर प्रश्नच मिटला, जुनाच घ्या.

फक्त "कमी बिघडतो" आणि "बिघडल्यावर लवकर कळतं" यात फरक आहे. माझा ७००आर४ जळत होता तेव्हा त्याने एक शब्द सांगितला नाही. ४एल६०ई मध्ये चकती घसरायला लागली की कॉम्प्युटरला आत जाणारे आणि बाहेर येणारे फेरे जुळत नाहीत हे कळतं, तो कोड टाकतो. आणि वीज पूर्ण गेली तर? सोलेनॉइड सुटतात आणि डबा पूर्ण दाबाने तिसऱ्या गिअरवर राहतो. रडत-रखडत का होईना पण घरी पोचता येतं.

"४एल६०ई नाजूक असतो म्हणे?"

त्याची क्षमता साधारण ३६० पाउंड-फूट टॉर्कची आहे. माझं ५.३ इंजिन ३२५ देतं, म्हणजे मर्यादेत. पण एलएस३ सारखं इंजिन, जे कॉर्व्हेटमध्ये ४२४ देतं, त्याच्यामागे साधा ४एल६०ई लावला तर दोष डब्याचा नाही. तिथे ४४० ची क्षमता असलेला ४एल८०ई घ्या. टर्बो लावायचा विचार डोक्यात असेल तरी तोच. त्याची किंमत म्हणजे वजन आणि लांबी. पिकअपच्या खाली जागा भरपूर, क्रॉसमेंबर, म्हणजे डबा पेलणारी आडवी पट्टी, मागे सरकवली की झालं, पण शेव्हेलसारख्या कारमध्ये तळाचा मधला बोगदा हातोड्याने ठोकून मोठा करावा लागतो.

"वेगळा कंट्रोलर लावला की कुठलाही डबा चालतो ना?"

चालतो. ४एल६०ई आणि ४एल८०ई साठी स्वतंत्र कंट्रोलर मिळतात, कार्ब्युरेटरवाल्या इंजिनालाही थ्रॉटलवर एक सेन्सर बसवून ते चालवता येतात. पण त्याचे पैसे, त्याच्या तारा, त्याचं ट्यूनिंग हे सगळं डब्याच्या किमतीत धरा, तेव्हा "स्वस्त" डबा स्वस्त राहतो का ते बघा. कॉम्प्युटर इंजिनाबरोबर फुकट येत असताना दुसरा विकत घेण्यात मला तरी शहाणपण वाटत नाही.

बसतो का नीट

जुन्या शेव्हर्ले डब्याचे बोल्ट एलएसला जवळपास जुळतात, सहातले पाच. पण एलएसच्या क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं टोक जुन्या इंजिनापेक्षा सुमारे ०.४ इंच आत असतं. ही फट भरणारा स्पेसर न लावता तसाच टीएच३५० जोडला तर कन्व्हर्टर आणि डब्यातला पंप एकमेकांत पुरेसे बसत नाहीत, आणि पंप फुटतो. स्पेसर आणि लांब बोल्ट घ्या, चालढकल करू नका.

उलटी चूकही होते. ४एल६०ई हे एकच नाव, पण १९९९ च्या आधीच्या जुन्या इंजिनामागचा डबा आणि एलएसमागचा डबा यांचा पुढचा भाग, कन्व्हर्टर आणि आत जाणारा शाफ्ट वेगळा आहे. नावावर जाऊन घेतलेला डबा परत करायला गेलेले लोक मी पाहिलेत. प्रोपेलर शाफ्टचंही तसंच, टीएच३५०, ७००आर४, ४एल६०ई यांना २७ दात्यांचा योक (शाफ्टचं डब्यात जाणारं टोक) लागतो, टीएच४०० आणि ४एल८०ई ला ३२ दात्यांचा. आणि जुन्या गाडीचा स्पीडोमीटर केबलवर चालतो, इलेक्ट्रॉनिक डब्याला ती केबल जोडताच येत नाही, तिथे सिग्नलवरून केबल फिरवणारा छोटा खोका घ्यावा लागतो.

पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात, आपल्याकडे करता येईल का?

उत्साहाने विचारतात म्हणून स्पष्ट सांगतो. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलंय. त्यामुळे दुसऱ्या जातीचं इंजिन टाकायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा, गॅरेजवाल्याच्या शब्दावर नको. अमेरिकेतही सगळीकडे मोकळीक नाही, कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे, १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना नाही, आणि तिथे टाकलेलं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्याहून नवं लागतं.

मग घ्यायचं काय

डबा किती जुना हे आधी बघूच नका. आधी विचारा, माझ्या इंजिनाचा कॉम्प्युटर कुठला आणि तो कुणाशी बोलू शकतो. कॉम्प्युटरच नसेल तर टीएच३५० किंवा टीएच४००, हायवेला कमी जाणार असाल तर. १९९९ ते २००६ मधलं पिकअप इंजिन असेल तर त्याच्याबरोबरचा ४एल६०ई, जोर वाढवणार असाल तर ४एल८०ई, याच कॉम्प्युटरमध्ये त्याचं प्रोग्रामिंग बदलून घेता येतं. २००७ नंतरची ६एल८० वाली पूर्ण गाडी हाताला लागली तर तोच ठेवा, मागे जाऊन जुना शोधू नका. ७००आर४ मी कुणाला एलएसमागे सुचवत नाही. ज्यांना केबल नीट लावता येते त्यांचे वर्षानुवर्षं चालतात, पण पहिलाच स्वॅप असेल तर नको.

आणि डबा कुठलाही घ्या, पुढे तेलाचा वेगळा कूलर लावा, कारण जुन्या गाडीच्या रेडिएटरमधला कूलर पुरत नाही आणि ऑटोमॅटिकला मारते ती उष्णताच.

यार्डात जाल तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सोडवायला लावू नका, जोडलेलेच उचला. त्याच गाडीतला कॉम्प्युटर, पूर्ण हार्नेस (तारांचा जुडगा), पेडल विजेवरचं असेल तर पेडल आणि त्याचं छोटं मॉड्यूल असेल तर तेही, कन्व्हर्टर, डिपस्टिकची नळी, सगळं मागून घ्या. तिथला माणूस घाईत असतो आणि कटर हातात घेऊन उभा राहतो. त्याला थांबवा, पंधरा मिनिटं मागा, आणि एकेक कनेक्टर हाताने सोडवून, त्यावर चिकटपट्टीने नाव लिहून मगच बाहेर काढा.